सहावी वाटी

आमच्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मिसळणाचा डबा होता, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, तिथं स्वयंपाक करायचे का? पूर्वी मी चिडायचो. आता शांतपणे सांगतो, कारण त्या डब्याशिवाय ओव्हाळबाई सांगता येत नाहीत.

भूमच्या एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमचा दवाखाना. वीस खाटांचा, खाजगी. मी तिथला कारकून. केसपेपर काढायचे, रिपोर्ट टाइप करायचे, आणि दिवसभर लोकांवर खेकसायचं. यातलं शेवटचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं, ते मी हौसेनं करायचो. माझ्या खुर्चीच्या मागं प्लायवूडची पातळ भिंत आणि भिंतीपलीकडं लॅब. त्यामुळं वीस-बावीस वर्षांत ओव्हाळबाईंना मी जितकं पाहिलं, त्याहून जास्त ऐकलं.

ऐकायचं काय, तर चिंचोके. रक्तात पांढऱ्या पेशी पाच जातींच्या असतात. काचेवर रक्ताचा थेंब ओढायचा, त्याला रंग द्यायचा, काच मायक्रोस्कोपखाली धरायची आणि शंभर पेशी मोजून कोणत्या जातीच्या किती ते लिहायचं, असं ते काम. डोळा भिंगावरून हलवता येत नाही, मग हिशेब ठेवायचा कसा? इतर ठिकाणी त्यासाठी बटणांचं एक छोटं यंत्र असतं. बाईंनी आठवडी बाजारातून मिसळणाचा डबा आणला होता. मांडीवर रुमाल पसरायचा, त्यात शंभर चिंचोके घ्यायचे, आणि जी पेशी दिसेल तिच्या वाटीत न बघता एक चिंचोका टाकायचा. रुमाल रिकामा झाला की शंभर भरले. डॉक्टरसाहेबांनी एकदा हौसेनं ते बटणांचं यंत्र आणून दिलं. बाईंनी दोन दिवस वापरलं आणि पुसून कपाटात ठेवलं. म्हणाल्या, “लई खडखड करतंय. काच बिचकल्यावानी वाटती.”

डब्यात पाच वाट्या स्टीलच्या होत्या आणि सहावी पितळेची. चिंचोका स्टीलच्या वाटीत पडला की टण्ण वाजायचा, पितळेच्या वाटीत पडला की आवाज जाड यायचा. ही सहावी वाटी कशासाठी, हे मी बरीच वर्षं विचारलं नाही. न विचारण्याची मला खोडच आहे.

बाई ठेंगण्या, अंगानं सुकट, चालायला चपळ. उजव्या हाताची तीन बोटं रंगानं कायमची जांभळी. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, बहिणीची मुलगी रमा लहानपणापासून त्यांच्याकडंच वाढली. लॅबच्या दाराबाहेर त्या चपला काढायच्या. देवाधर्माचं म्हणून नव्हे, धूळ आत यायला नको म्हणून. कशाबद्दलही मत विचारा, मुलीला आलेल्या स्थळाबद्दल का असेना, त्यांचं उत्तर ठरलेलं, “थांबा, काचेला इचारते.” आणि स्वतःच हसायच्या.

त्यांचा चहाचा कप वेगळा असायचा. खिडकीत, पालथा घातलेला. मी मोठ्या खातेदाराच्या घरात वाढलो. आमच्या घरी कुणाचा कप कुठं पालथा असायचा आणि का, ते मला ठाऊक होतं. त्यामुळं बाईंचा कप पाहून मी मनाशी काय ते समजून घेतलं, आणि पाच-सहा वर्षं तसाच समजून बसलो. मग एकदा मला उमाळा आला. मी माझ्या कपात चहा ओतला, लॅबमध्ये गेलो आणि म्हणालो, “बाई, आजपासून तुम्ही याच कपातून घ्यायचा. माझ्यापुरता तो विषय संपला.”

बाईंनी कप घेतला नाही. “भाऊसाहेब, तुमाला वाटतंय तसलं काय न्हाय त्ये. सकाळधरनं थुंकीच्या चार डब्या अन् एक गळू हाताळलंय म्या. माझा हात तुमच्या कपाला लागला तर तुमीच वर आठ नंबरच्या खाटंवर येऊन झोपशीला.” मग म्हणाल्या, “पन इचार केलात, बरं वाटलं. उशिरा केलात, तेवढंच.”

मी मोठेपणा द्यायला गेलो होतो, तो साबणानं हात धुऊन परत आलो. त्या ‘उशिरा’ची बोच अजून जात नाही.

लॅबमध्ये एक शब्द मात्र बंद होता, तो म्हणजे घाण. आमचे ड्रेसर जखमेतला पू घेऊन यायचे आणि दारातून ओरडायचे, “बाई, घाण आणलीय, कुठं ठेवू?” बाई उठून उभ्या राहायच्या. “घाण न्हाय ती. जंतूसंगं लढून मेलेल्या पेशी हायत. नीट ठेवा.” आणि तपासून झालेली काच जंतू मारायच्या औषधाच्या बरणीत सोडताना दरवेळी हळूच पुटपुटायच्या, “झालं बाबांनो तुमचं काम.” भिंतीपलीकडून मला ते स्पष्ट ऐकू यायचं. मी त्याची नक्कल करून नर्सांना हसवायचो. आता सांगताना लाज वाटते, पण करायचो हे खरं.

ती नक्कल माझ्याच पायावर आली. शेतात गेलो असताना बाभळीचा काटा मोडला, मी तो तसाच चार दिवस वागवला आणि पाय सुजून भोपळा झाला. डॉक्टरांनी चिरा दिला. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला लंगडत लॅबमध्ये बोलावलं आणि मायक्रोस्कोपसमोर बसवलं. “बगा. तुमचाच पू हाय.”

मी डोळा लावला. जांभळ्या ठिपक्यांचा नुसता खच पडला होता.

“ह्या समद्या तुमच्या पायापायी मेल्यात,” बाई म्हणाल्या. “ह्या पेशी दोन तऱ्हेनं मरत्यात. एक गुपचूप मरती. आपलं आपून आवरती, बारीक बारीक गाठोडी बांधती. मग शेजारची मोठी पेशी येती अन् ती गाठोडी गिळून टाकती. कुणाला पत्ता बी लागत न्हाय. दुसरी फुटती. जंतू आत घुसून लपला असंल तर त्येचं लपायचं घरच मोडून टाकती. फुटली की बाकीच्यांना सांगावा जातो, समद्या धावत येत्यात. पन शेजाऱ्याला बी चटका बसतोच की.”

“मग गुपचूप मेलेलीच बरी,” मी म्हणालो. माझा पाय ठणकत होता.

“तसं न्हाय. समद्याच गुपचूप मेल्या तर जंतू आल्याचं कळावं कसं? अन् समद्याच फुटल्या तर माणूस ऱ्हात न्हाय. किती फुटायच्या अन् किती भिजवायच्या, ह्येचा मेळ बसला पायजे.”

भिजवायच्या हे काय नवीन, म्हणून मी विचारलं. तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. बाईंचं माहेर तेरखेड्याचं. वडील शोभेची दारू करायच्या कामावर होते. तिथल्या खोल्या एकमेकींपासून लांब लांब, मध्ये मातीचे बांध. एका खोलीत दोन-तीनच माणसं आणि दारू त्या वेळेपुरतीच. दिवस मावळायच्या आत उरलेली दारू पाण्यात भिजवून निकामी करायची, उद्यावर ठेवायची नाही. ते काम वडिलांकडं होतं. “लोक म्हनायचे, तुज्या बापानं येवढे फटाके केले. म्या म्हनायचे, माज्या बापानं किती भिजवले त्ये बी इचारा.”

“पण इथं, अंगात, हे ठरवतं कोण? कुणी फुटायचं आणि कुणी भिजायचं?”

“त्याच ठरवत्यात. एकमेकींला सांगावे धाडत्यात. जंतू बी लबाड. कवा कवा त्योच सांगावा दाबून ठेवतो, पेशीला मरूच देत न्हाय, म्हंजे आत बसून ऱ्हायला बरं. समदं अजून कुनालाच कळलेलं न्हाय, मोठमोठी मानसं बघायलीत.” डॉक्टरांची जुनी जाडजूड पुस्तकं बाई रोज दुपारी डब्याशेजारी उघडून बसत. शब्द अडला तर दोन दिवस कुढायच्या, पण विचारायच्याच.

पुढं काही वर्षांनी दवाखान्यात रक्त मोजायचं मोठं मशीन आलं. नळीत रक्त घातलं की मिनिटभरात आकडे छापून बाहेर. मला वाटलं, आता बाई रुसणार. कसलं काय, त्यांनी मशीनला जुन्या साडीचं झाकण शिवलं आणि रोज सकाळी त्याच्या तोंडावरची धूळ पुसू लागल्या. फक्त ज्याच्या आकड्यात एकदम चढ किंवा उतार दिसला, त्याची काच त्या करायच्याच. “मशीन बरोबरच सांगतंय. पन ते मोजतंय, त्येला चेहरा दिसत न्हाय.”

सविता नावाची बाळंतीण आली, ती याच काळात. जवळच्याच एका वस्तीवरची, बाळ सहा दिवसांचं. बाळंतपणातच गर्भाशयात जंतू शिरलेले, अंगात फणफणून ताप. पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशी चोवीस हजार. अंगात जंतू शिरले की या पेशी वाढतात, हे एव्हाना मलाही ठाऊक झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीननं छापलं, सात हजार. म्हणजे अगदी नॉर्मल. तापही उतरलेला. मी स्वतः उठून सविताच्या सासऱ्यांना सांगितलं. ते बिचारे धावत स्टँडवर गेले आणि पेढे घेऊन आले. सगळ्यांना वाटले, मला दोन दिले.

बाईंनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून ठेवला. मग दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं चिंचोके वाजू लागले. मी पेढा खात रिपोर्ट टाइप करत होतो. एक जाड आवाज आला. मग आणखी एक. मग स्टीलचा एक, आणि पुन्हा जाड, जाड, जाड. माझी बोटं आपोआप थांबली. बाई दार उघडून अनवाणी जिना चढत डॉक्टरांकडं गेल्या, मी कागद घेऊन मागोमाग.

“साहेब, त्या पेशी उतरल्या न्हायत. संपल्यात.”

“बाई, सात हजार आहेत. ताप पण उतरलाय.”

“सात हजारच हायत, मशीनचं खरं हाय. पन निम्म्या अजून कच्च्या हायत, अन् बाकीच्यांच्या पोटात भोकं पडलीत. पिकलेल्या समद्या मेल्या, म्हनून आतून कवळ्या पोरी धाडायलेत लढायला. हातपाय गार लागतात का बगा तिचे.”

डॉक्टर जवळजवळ पळत वॉर्डात गेले. हातपाय गार होते. औषधं बदलली, सलाईन लावलं आणि अर्ध्या तासात सविताची गाडी बार्शीच्या मोठ्या दवाखान्याकडं निघाली. ती वाचली. तिचा मुलगा आता शाळेत जातो आणि मला बघितलं की आईच्या मागं लपतो, यात माझ्या खेकसण्याचा वाटा असावा.

गाडी गेल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, “बाई, ही पितळेची वाटी कशाची?”

त्या चिंचोके परत रुमालात गोळा करत होत्या. “दमलेल्यांची,” म्हणाल्या. “म्या नवी होते तवा एक शिंपी आला होता. त्येचा बी आकडा असाच उतरला. म्याच त्येच्या बायकूला सांगितलं, उतरलं म्हनून. ती नारळ फोडाया गेली. ती परत येस्तवर त्यो गेला होता. काच म्या बगितली होती, भाऊसाहेब. समदं दिसत होतं. पन माज्याकडं पाचच वाट्या होत्या, म्या पाचातच बशिवलं. दुसऱ्या दिशी घरनं मायची वाटी आनली.”

मी माझ्या वाटणीचा उरलेला पेढा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि खुर्चीवर येऊन बसलो.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. डबा त्यांनी लॅबमध्येच ठेवला, लागेल कुणाला तरी म्हणून. त्यांच्या जागी स्नेहा नावाची मुलगी आली. गुणी, पण कामाखाली दबलेली, आणि मशीन असताना काचेला विचारायला तिला कुणी सांगितलंही नाही. डबा धूळ खात होता, तो मी माझ्या टेबलावर आणला आणि त्यात टाचण्या, पिना, रबरबँड भरले. पितळेच्या वाटीत शिक्क्याची शाई सांडली होती. चिंचोक्यांची पुरचुंडी मात्र मी फेकली नाही, एवढं एक शहाणपण झालं.

गेल्या वर्षी बाईंच्या पायाला जखम झाली. साखर होतीच. जखम चिघळली, ताप भरला आणि रमा त्यांना आमच्याकडं घेऊन आली. वरचाच आठ नंबर. पेशी सव्वीस हजार. मी दिवसातून दहा वेळा जिना चढायचो आणि उगाच नर्सांवर ओरडून खाली यायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीननं कागद बाहेर टाकला, साडेसहा हजार. रमानं तो पाहिला आणि ती तिथंच भिंतीला टेकून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “काका, मावशीला तुम्हीच सांगा. मी खालून पेढे घेऊन येते.”

मला कळायला हवं होतं. सगळ्या जगात मलाच कळायला हवं होतं. पण आनंद झाला की माणूस बधिर होतो. मी कागद नाचवत वर गेलो.

बाईंनी तो हातात घेतला नाही. ओठ सुकले होते. “काचेला इचारलं का?”

मी कागद खाली केला.

“डबा कुठाय?”

मी खाली धावलो, टाचण्या माझ्या टेबलावर ओतल्या, त्यातल्या निम्म्या जमिनीवर गेल्या. पितळेची वाटी मी नळाखाली घासली, शाई पुरती निघाली नाही. स्नेहानं काच केली, आम्ही दोघांनी मायक्रोस्कोप उचलून वर नेला आणि जेवणाच्या स्टुलावर ठेवला. बाई उशीला टेकून बसल्या. स्नेहा म्हणाली, “मी बघते ना बाई, तुम्ही पडा.” त्या म्हणाल्या, “तू शेजारी बस. म्या सांगते तशी बगत जा.”

आणि बाई स्वतःचं रक्त वाचू लागल्या.

मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो. खाली बाजाराचा दिवस होता, माणसं पिशव्या भरून एसटीकडं निघाली होती. मागं टण्ण झालं. मग पुन्हा टण्ण. मला वाटलं, बाईंनी उगाच घाबरवलं. मग जाड आवाज आला. “ही बग, पोरी,” बाई सांगत होत्या, “हिच्या पोटातली भोकं दिसली? अन् ही कच्ची. लई राबायल्यात गं बिचाऱ्या.” जाड. जाड. टण्ण. जाड. वीस वर्षं भिंतीआडून ऐकलेला हिशेब होता तो, मला वळून बघायची गरज नव्हती.

“लिहा, भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या. नाव, वय, खाट नंबर, सगळं नेहमीसारखं क्रमानं सांगितलं. मग पाच वाट्यांचे आकडे. मग, “दमलेल्या, अठ्ठावन्न.” मी लिहिलं. अक्षर माझं आहे असं वाटत नाही. “सायेबांना बलवा. अन् रमीला आत्ता काय सांगू नगा. पेढे घिऊन यील ती, तिला वाटू द्या. म्या सांगते तिला गाडीत.”

रमा आली. बाईंनी साखरेचा विचार न करता अर्धा पेढा खाल्ला आणि अर्धा कागदात बांधून माझ्या हातात दिला. डॉक्टरांनी जे शक्य होतं ते सगळं केलं आणि गाडी बार्शीला काढली. तिथं त्या चार दिवस लढल्या. परत आल्या नाहीत.

आता आमच्याकडं कुणाचा आकडा असा एकदम उतरला की स्नेहा न सांगता डबा काढते. मी टाइप करायचं थांबवून ऐकत बसतो.

मला बाई शेवटच्या दिसल्या त्या गाडीत स्ट्रेचरवर. मागचं दार अजून उघडं होतं, रमा पायाशी बसली होती. बाईंनी जांभळ्या बोटांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही निरोप असेल.

“काच बरणीत टाकली का?”

“टाकली,” मी म्हणालो.

“म्हनला का?”

काच सोडताना काय म्हणायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. “म्हणालो,” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि ड्रायव्हरनं दार ओढून घेतलं.

मी खोटं बोललो. काच तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होती, आणि अजून माझ्याकडंच आहे. बरणी दहा पावलांवर आहे. पण ते वाक्य म्हटल्याशिवाय ती टाकता येत नाही, आणि ते वाक्य माझ्या तोंडून काही निघत नाही.